कुणी एक म्हणतो

५ जुलै २०२५, शनिवार. टार्निट

आज स्टुडिओतून पाय निघेना.

माझा मराठी अर्धा तास दोन वाजता संपतो आणि लगेच उस्ताद रियाद यांचा अरबी तास सुरू होतो. या कम्युनिटी रेडिओवर आम्ही सगळेच बिनपगारी. इतके दिवस आमचं बोलणं 'हाय' आणि 'सी यू नेक्स्ट वीक' यापलीकडे गेलं नव्हतं. आज मी हेडफोनची वायर गुंडाळत होते आणि ते माईक तपासायला काहीतरी लयीत म्हणाले. बाकीचे 'वन टू थ्री' म्हणतात, हे कविता म्हणतात. मी सहज अर्थ विचारला.

"कुणी एक म्हणतो," ते इंग्रजीत सांगू लागले, "वाटाड्या म्हणाला, मला स्वर्गाची वाट ठाऊक आहे. मी विचारलं, मग तुझ्या चपलांना धूळ कशी नाही?"

कधीचं आहे हे? हजारेक वर्षांपूर्वीचं. कुणाचं? कुणा एकाचं. जुन्या अरबी संग्रहांत ज्याचं नाव माहीत नाही, किंवा नाव सांगणं बरं नाही, त्याची ओळ नुसतं 'आणि कुणी एक म्हणाला' असं लिहून देत असत म्हणे. देवावर, धर्मगुरूंवर, मेल्यानंतरच्या हिशेबावर शंका घेणाऱ्या किती तरी ओळी अशाच बिननावाच्या फिरत राहिल्या. काही चेष्टेच्या, काही इतक्या काळ्या की वाचून दिवा लावावासा वाटतो.

मी पार्किंगमध्ये गाडी सुरू न करता बसून राहिले. बावीस प्रतिज्ञा पाठ करत नागपुरात मोठी झालेली मी. देव नाकारणं, प्रश्न विचारणं हे सगळं आमच्याच घरचं आहे असं धरून चाललेली. आणि तिकडे बगदादला, हलबला, बसऱ्याला माणसं हेच म्हणत होती, तेही वृत्तात. याची मालिका करायची. सहा भाग. नाव ठरलं: 'कुणी एक म्हणतो'. उस्तादांनी अरबीत वाचायचं, मी मराठीत. ते हो म्हणालेत.

घरी येऊन पप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं."

आई फेब्रुवारीत गेली. मी पोचले तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. मे महिन्यात पप्पांना इकडे घेऊन आले, तेव्हापासून त्यांचे तीनच शब्द: बरं, नको, पडतो. हे मराठीचे काशीनाथ मास्तर, ज्यांचा आवाज शेजारच्या दोन वर्गांना फुकट ऐकू जायचा. ऑगस्टच्या शेवटी त्यांचं परतीचं तिकीट आहे. थांबा म्हटलं की 'नको'. अशा गप्प माणसाला त्या रिकाम्या घरात कसं पाठवायचं? त्यांना पुन्हा बोलतं करायचं आहे आणि माझ्याकडे सात-आठ आठवडे आहेत.

८ जुलै

पप्पा सकाळी बुद्धरूपापुढे मेणबत्ती लावत नाहीत हे आज लक्षात आलं. त्रिशरणही म्हणत नाहीत. आमच्या घरात दिवस त्यानेच सुरू व्हायचा. आल्या आल्या एकदा अगरबत्तीच्या धुराने स्मोक अलार्म वाजला होता, तेव्हा ते फार दचकले होते. त्याचीच धास्ती घेतली असणार. म्हटलं, पप्पा, खिडकी उघडून लावा, नो वरीज. म्हणाले, "नको."

रात्री नवऱ्याला, प्रज्ञेशला, सांगितलं. तो डँडेनॉन्गच्या कामावरून दोन तास गाडी हाणून आला होता, अर्धा झोपेत. म्हणाला, "त्या अलार्मची बॅटरी मी मे मध्येच काढलीय. त्यांना सांगितलं पण होतं."

मग काय कारण असेल? असो. पहिल्या भागाची तयारी करायची आहे.

१२ जुलै, शनिवार

पहिला भाग गेला. फोनवर मेसेजच मेसेज. तिकडे सिडनीच्या क्वेकर्स हिलमधली माणसं ऑनलाइन ऐकत होती. एकीने लिहिलंय, 'शनिवारी दुपारी भाजी चिरता चिरता थांबले.' एकाने लिहिलं, 'दुसऱ्यांच्या धर्मावर बोलायला काय जातं.' त्यालाही हार्ट देऊन टाकलं.

पण खरी बातमी घरात. आल्यावर पप्पा कॉटवर उठून बसलेले. मी बूट काढते आहे तोवर म्हणाले, "धूळ नको."

"काय?"

"त्या वाटाड्याच्या चपलेला. धूळ काय, झटकता येते. माती म्हण. माती चिकटते."

मी मोजे हातात घेऊन उभी. मे महिन्यापासूनचं हे सगळ्यात लांब बोलणं. म्हटलं, "पप्पा, मग पुढचं भाषांतर तुम्हीच करा ना. मला कुठे येतंय मराठी धड."

"ते दिसूनच राहिलंय," पप्पा म्हणाले आणि परत पडले.

मी बाथरूममध्ये जाऊन मुठी आवळून नाचले.

१५ जुलै

उस्ताद घरी आले. सीरियातल्या इदलिबचे, शाळेत अरबी शिकवायचे. पुढे बरीच वर्षं कुवेतला होते, तिथे सोबत पाकिस्तानी आणि आपली माणसं, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी येतं. मला वाटलं होतं मध्ये बसून दुभाषेगिरी करावी लागेल.

चहा होईपर्यंत दोघांना एकमेकांचे शब्द सापडायला लागले होते. उस्ताद म्हणाले 'अक़्ल', पप्पा म्हणाले 'अक्कल'. ते म्हणाले 'हिसाब', हे म्हणाले 'हिशेब'. नशीब, कबर, दुनिया, सवाल. दोघं पत्ते टाकावेत तसे शब्द टाकत होते. शेवटी उस्तादांनी कप उलटा करून दाखवला आणि दोघं एकदमच म्हणाले, "खलास."

पप्पा हसले. आवाज न करता, खांदे हलवून हसले.

आज घेतलेली ओळ: 'जग ही धर्मशाळा आहे म्हणता, ठीक. मग मालक कुठे बसतो? माझ्या खोलीचं छप्पर गळतंय.'

पप्पांनी 'धर्मशाळा' शब्द सुचवल्यावर उस्तादांनी अर्थ विचारून घेतला आणि मांडीवर थाप मारली. मला कुणी काही विचारलंच नाही. मी बिस्किटं ठेवून बाहेर आले. मालिकेला योग्य टीम मिळाली, याचं क्रेडिट मी स्वतःला देत आहे.

१९ जुलै, शनिवार

दुसरा भाग छान झाला. रेकॉर्डिंगआधी मात्र एक गंमत. जुने माईक ठेवतात त्या खोलीचं दार मी धाडकन उघडलं, तर उस्ताद नमाज पढत होते. मी इतकी गोंधळले की सॉरी म्हणत उलटी चालत स्टँडवर आदळले. हा माणूस माझ्यासारखाच, देवबिव न मानणारा, असं मी धरून चालले होते.

नंतर विचारलंच. "तुम्ही श्रद्धाळू आहात, मग या ओळी तोंडपाठ कशा?"

"माझ्या आजोबांना होत्या. तेही पाच वेळा नमाज पढायचे."

"पण या तर देवाच्या विरोधात आहेत."

"मुली, मी देव मानतो. तो फक्त स्तुतीच ऐकतो, असं मी कधी म्हटलं?"

घरी येऊन पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "मला माहीत आहे. परवा इथेच पढले ते. मी चटई दिली."

या दोघांचं माझ्याशिवाय बरंच काही चालू असतं.

२३ जुलै

थोडी काळजी लिहून ठेवते. पप्पांना सगळ्यात काळ्या ओळीच हव्या असतात. मी धर्मगुरूंची चेष्टा, देवाशी हुज्जत असलं पुढे करते, श्रोत्यांनाही तेच आवडतं. पप्पा ते बाजूला सारून उस्तादांना म्हणतात, "वो दुसरा. रोनेवाला." मग दोघं तासभर एखाद्या मरणाच्या ओळीवर झटापट करत बसतात.

आज मी उस्तादांना बाजूला घेऊन सांगितलं, पप्पा दुःखात आहेत, जरा पॉझिटिव्ह काहीतरी निवडा. एखादी बागेवरची कविता वगैरे. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "तुझे वडील आता दोन वेळा जेवतात. मी बाग कशाला आणू?"

जेवतात हे खरं आहे. काल तर स्वतः उठून वरणाला फोडणी घातली, लसूण करपवला आणि मलाच बोलले, गॅस मोठा आहे म्हणून. पण निराशा ऐकून भूक कशी लागेल? माझ्या स्वयंपाकाला चव आली असावी. प्रज्ञेश नाही म्हणतो.

२६ जुलै, शनिवार

आजच्या भागातली ओळ मी तीनदा ऐकली. पप्पांनी आणि उस्तादांनी गुरुवारी मिळून काढलेली, मी नुसती टाइप केली.

'कुणी एक म्हणतो: तिच्या चष्म्याच्या काचेवर तिच्याच बोटाचा ठसा आहे. पुसला तर स्वच्छ दिसेल म्हणतात. मला स्वच्छ दिसायला नको आहे. ज्याने हे सगळं घडवलं म्हणतात, त्याला द्या तो चष्मा.'

काय धाडस आहे. हजार वर्षांपूर्वीचा माणूस, आणि किती आजचा वाटतो. उस्तादांनी अरबीत वाचताना आवाज इतका खाली आणला की मला लेव्हल वाढवावी लागली. मेसेज पन्नासच्या वर गेले असतील. अकोल्याच्या मावशीने लिहिलं, 'ऐशू, हे ऐकून सुशीताईची फार आठवण आली.' आईचं नाव आलं म्हणून मी पप्पांना ते मुद्दाम वाचून दाखवलं नाही. त्यांचा मूड कशाला बिघडवायचा.

२ ऑगस्ट, शनिवार

चौथा भाग. मालिका आता जोरात आहे. स्टेशनच्या मीटिंगमध्ये आमचं नाव निघालं, ग्रीक कार्यक्रमवाले विचारत होते की आम्हालाही असं काही करता येईल का. मी हवेत आहे.

आजची ओळ: 'लोक घरी आले. म्हणाले, धीर धर, सगळं अनित्य आहे. मी म्हटलं, मग तुमचा उपदेश तेवढा कसा नित्य येतो?'

'अनित्य' हा शब्द पप्पांनी किती नेमका बसवला. मूळ अरबीत काय होतं विचारलं, तर उस्ताद खोकले, पप्पा म्हणाले, "तसंच काहीतरी." दोघं शाळेतल्या मागच्या बाकावरच्या पोरांसारखे एकमेकांकडे बघत नव्हते.

पप्पांना पुन्हा विचारलं, तिकीट पुढे ढकलू का? आज 'नको' म्हणाले नाहीत. म्हणाले, "पाहू. आधी सहावा भाग होऊ दे."

६ ऑगस्ट

 राग आलाय की आणखी काही, कळत नाही.

दुपारी स्टेशनवर फोन आला, क्रेगीबर्नच्या हाला नावाच्या बाई. अरबी तासाच्या आधीपासूनच रेडिओ लावतात, त्यामुळे उस्तादांचं वाचन ऐकतात. गोड आवाजात म्हणाल्या, "ती चष्म्याची कविता कुठल्या संग्रहातली? मी आणि माझा नवरा तेव्हापासून भांडतोय. तो म्हणतो जुनी आहे. मी म्हणते, हजार वर्षांपूर्वी चष्मा कुठून आला?"

मी फोन धरून उभी. चष्मा. खरंच, चष्मा कुठून आला?

मग एकामागून एक सगळं दिसायला लागलं. चष्मा. धीर धर म्हणणारे लोक. अनित्य, हा तर आमचाच शब्द, आईच्या जलदान विधीला भंतेजींनी किती वेळा उच्चारला होता. आणि आईचा चष्मा नागपूरच्या घरात टीव्हीवर तसाच पडलाय. मी आवरायला घेतला होता तेव्हा पप्पांनी तो माझ्या हातातून काढून परत तिथेच ठेवला होता. मी समजले, त्यांना आवराआवरी आवडत नाही.

घरी आले तर दोघं जेवणाच्या टेबलाशी.

"हे कुणाचं आहे, पप्पा?"

"कुणा एकाचं."

"मी हे हजार वर्षांपूर्वीचं म्हणून सांगितलंय लोकांना. माझ्या नावावर. लोक माझं खरं धरतात."

पप्पा टेबलावरचे तांदळाचे दाणे एका जागी करत राहिले. उस्ताद म्हणाले, "चूक माझी. त्यांनी हिंदीत सांगितलं, मी अरबीत बांधलं. आमच्याकडे हे चालत आलंय. जे आपल्या तोंडाने म्हणवत नाही ते 'कुणी एक'च्या तोंडी घालायचं. मला वाटलं, हा माणूस रीत न शिकवता शिकला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"कुणाचं आहे हे तू कधी विचारलं नाहीस," पप्पा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

मी सांगून टाकलं: शनिवारी ऑन एअर खुलासा करायचा, आणि मालिका तिथेच बंद.

पप्पा उठले, खोलीत गेले, दार लावलं. जेवायला आले नाहीत. मे महिन्यासारखंच.

८ ऑगस्ट

'नको.' 'पडतो.'

दोन दिवस हेच. सगळं घालवलं मी. खुलासा तर करावाच लागणार, पण बंद करते कशाला म्हणाले? चष्म्याची ओळ काढून पुन्हा वाचली. हे मला समोर बसून सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? ग्रीफ काउन्सेलरची अपॉइंटमेंट घेतली असती आणि चहा टाकला असता.

रात्री दाराबाहेरून बोलले. "पप्पा, खुलासा मी करणार. पण बंद करत नाहीये. उद्या तुम्ही या. तुमचं काही असेल तर तुमच्या नावाने वाचा."

 मी वळले, तेव्हा पप्पा म्हणाले, "किती वाजता निघायचं?"

९ ऑगस्ट, शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

मी सुरुवातीलाच खुलासा केला. म्हटलं, मागच्या दोन भागांतल्या ओळी जुन्या नव्हत्या, आजच्या होत्या, चूक माझी, मी नीट विचारलं नाही.  मग पप्पांची ओळख करून दिली आणि माईक त्यांच्याकडे वळवला. त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला उस्ताद. समोर कागद नव्हता.

पप्पा म्हणाले, "काशीनाथ म्हणतो."

आणि थांबले. मग वर्गातल्या आवाजात, तोच, दोन वर्गांपलीकडे जाणारा:

"शेवटी तिनं आजीच्या देवीचं नाव घेतलं, हात जोडायला गेली. मी ते दोन्ही हात माझ्या हातांत धरून ठेवले. कुणी येणारच नव्हतं, तर मी अडवलं कुणाला?"

मला हे माहीत नव्हतं. आईने कधी कुठल्या देवीचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात ते कुणी घेतच नसे, त्याचा अभिमानच होता सगळ्यांना.

नंतर कुणीच बोललं नाही. आमच्या स्टेशनवर आवाज थोडा वेळ थांबला की मशीन समजतं, काहीतरी बिघडलंय, आणि आपोआप गाणी सुरू करतं. त्याआधीचा इशाऱ्याचा दिवा लुकलुकायला लागला. मला दिसत होता. काहीही बोलायचं होतं, 'आपण ऐकत आहात' एवढंच. तोंड उघडेना.

उस्ताद माईककडे झुकले आणि हळूच म्हणाले, "अइद."

पप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"हमारे यहाँ शेर अच्छा हो तो सुननेवाला यही बोलता है, मास्टरजी. फिर से."

दिवा विझला. पप्पांनी पुन्हा म्हटलं. पहिल्यापेक्षा हळू, आणि 'दोन्ही हात' या शब्दांशी आवाज फाटला, तरी थांबले नाहीत. उस्ताद पुन्हा म्हणाले, "अइद." पप्पांनी तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा ते रडत होते आणि त्यांचा एक हात वर गेला होता, फळ्यापुढे उभं राहून कविता शिकवताना जायचा तसा.

दोन वाजून गेले होते. अरबी तास उशिरा सुरू झाला. कुणाचीच तक्रार आली नाही. हालाबाईंचा फोन आला, त्यांनी काही विचारलं नाही, फक्त मास्टरजींना सलाम सांगा म्हणाल्या. इथल्या आमच्या बौद्ध मंडळातल्या एकांचा मेसेज आहे: 'मास्तरांनी हे जाहीर बोलायला नको होतं.' त्याला मी उत्तर दिलेलं नाही. देईन, सावकाश.

परत येताना पप्पा पुढच्या सीटवर होते. मी म्हटलं, तिकीट हवं तर राहू द्या त्याच तारखेला, मी आता मागे लागणार नाही. ते म्हणाले, "जाईन. रियादमियाँ फोनवर ओळी पाठवणार आहेत. मराठी करून धाडायच्यात." म्हणजे ते जाणार आहेत. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मग मी विचारलं. फेब्रुवारीपासून जे विचारलं नव्हतं ते. "आईचे हात गार होते का, पप्पा?"

"नाही," ते म्हणाले. "गरम होते. चांगले गरम होते. आणि तुला सांगतो, जोर काय होता तिच्यात. सोडवून घेत होती ना माझ्याकडून. पहिल्यापासून तशीच. लग्नाच्या आधी एकदा..."

आमचा रस्ता आला. घराचा गराज दिसत होता, प्रज्ञेशने लाइट लावून ठेवला होता. पप्पांचं 'लग्नाच्या आधी एकदा' अजून संपलं नव्हतं. मी इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ पुढे घेतली.